परदेशी बाई कुठे राहते?

कुंभकोणममधल्या आमच्या गल्लीत समोरच्या घरातली सून पोलंडची. आमची तंजावरी मराठी ती सासूकडून शिकली, म्हणून रागावली की हुबेहूब सासूसारखी बोलते. भाजीवाल्याशी मात्र तमिळमध्ये भांडते, आणि वर कढीपत्ता मिळाल्याशिवाय त्याला हलू देत नाही.

यंदा तिनं भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज केला. ते मिळालं तर पोलंडचं सोडावं लागणार, म्हणून ती जरा गप्पगप्पच होती.

परवा सकाळी पोलीस चौकशीला आला. ही न्हाऊन, केसांना पंचा गुंडाळून, खाली मान घालून दारात कोलमची रांगोळी काढत होती.

"अम्मा, ती परदेशी बाई कुठे राहते?" त्यानं तमिळमध्ये विचारलं.

"परदेशी? आमच्या गल्लीत कोणी नाही," ही मान वर न करताच म्हणाली.

"अगं, तुलाच विचारतायत!" मी ओट्यावरून ओरडले.

तिनं दचकून वर पाहिलं. पोलीस पोट धरून हसला, तिच्या हातची कॉफी प्यायला आणि "आता काय विचारायचं?" म्हणत निघाला.

तो गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. हसताहसता तिचे डोळे भरले.

"अक्का, मला खरेंच आठवलें नाहीं. आतां पोलंडला आईला हें कसें सांगूं?"