एकाहत्तरावा दिवस

उंग्गात एकोणीस वर्षं मलेशियाच्या फौजेत होता. म्हातारा झाला तरी राजधानी क्वालालंपूरची मोहोर दिसली की त्याची पाठ आपोआप ताठ व्हायची. सारावाक राज्यात नदीकाठी त्यांचं सत्तावीस कुटुंबांचं, सत्तावीस दारांचं एकच लांबलचक घर, आणि त्या घराचा मुखिया तो.

तालुक्याच्या कचेरीत फळ्यावर नोटीस लागली: त्यांची टेकडी पामतेलाच्या मळ्याला जाणार, कुणाचा हक्क असेल त्याने साठ दिवसांत सांगावं. टेकडीवर पणज्यांनी लावलेली दुरियनची, फणसासारख्या काटेरी फळांची झाडं होती. लावणाऱ्याचंच नाव झाडाला. जमीन आपली म्हणायला तेवढाच पुरावा.

नात सेलाका त्याच कचेरीत कामाला. ती फॉर्म घेऊन घरी आली.

"आजोबा, हा भरून आमच्या कचेरीतच द्या. जमीन राज्याकडे असते."

"राज्य मोठं की देश?"

"मोठं-लहान नाही हो. घटनेतच वाटणी झालीय. फौज केंद्राची, जमीन राज्याची."

"वाटण्या भावाभावांत होतात. वरच्याने हुकूम सोडला की खालचा सलाम ठोकतो."

"ही पलटण नाहीये, आजोबा."

टोपली विणता विणता बायको सुम्पिंग म्हणाली, "कुणाला सांगतेस, पोरी? यानं मला मागणी घातली तीसुद्धा माझ्या बापाला सोडून थेट आमच्या सरदाराकडे."

सगळे हसले. उंग्गातही हसला, आणि पत्र क्वालालंपूरला धाडलं. फॉर्म ट्रंकेत पदकाखाली गेला. सेलाका दोनदा आठवण करायला आली; दोन्ही वेळा तो म्हणाला, "उत्तर येऊ दे."

उत्तर नोटिशीपासून एकाहत्तराव्या दिवशी आलं. जाड कागद, सुरेख मोहोर. कामाचं वाक्य एकच: जमीन हा राज्याच्या अखत्यारीतला विषय आहे, तरी आपण राज्य सरकारकडे अर्ज करावा.

तो लगेच फॉर्म घेऊन कचेरीत गेला. कारकुनाने उठून खुर्ची दिली.

"अकरा दिवस आधी आला असतात, मुखियाजी."

घरी कुणी एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं, असं त्याला वाटत राहिलं.

दुरियनचा हंगाम आला तेव्हा टेकडीला कुंपण पडलं होतं. झाडं तोडायची बाकी होती. पहाटे तो कुंपणाशी जाऊन बसायचा. सुम्पिंग त्याला न्यायला आली.

"चल. भात निवतोय."

आत धप्पकन फळ पडलं.

"बुली पणजीचं," तो म्हणाला. "तिचं नेहमी आधी पडतं. फॉर्मवर तिचंच नाव पहिलं लिहायचं होतं गं."

सवयीने आणलेली रिकामी टोपली सुम्पिंगने खाली ठेवली आणि त्याच्याशेजारी बसली.