षटकारानंतरची टाळी

इंग्लंडमध्ये नोकरीला होतो तेव्हा सुट्टीच्या दिवशी मी काउंटी सामना बघायला जायचो. मैदान मोठं, प्रेक्षक मोजकेच. एकदा यजमान संघाच्या तरुण फिरकी गोलंदाजाला सणसणीत षटकार बसला आणि माझ्या शेजारच्या आजोबांनी टाळी वाजवली. त्यांची नजर मात्र गोलंदाजावर होती.

"त्याला तर मार बसला," मी म्हणालो.

"बसला ना. पण चेंडू उंच सोडायला तो घाबरला नाही."

मग कळलं, उमेदीची सगळी वर्षं ते याच मैदानावर फिरकी टाकत होते. त्यांची तर्जनी पेरापाशी वाकडी झाली होती. देशाच्या संघातून बोलावणं एकदाच आलं. सामन्याच्या सकाळी खेळपट्टीवर गवत दिसलं, कर्णधाराने जादा वेगवान गोलंदाज घेतला, आणि यांनी इतरांना पाणी नेऊन दिलं. पुन्हा कोणी बोलावलं नाही.

हे सगळं त्यांनी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगितलं. एखाद्याला न मिळालेल्या एका दिवसावरून आपण त्याचं अख्खं आयुष्य जोखतो. उरलेले सगळे दिवसही त्यानेच जगलेले असतात.

"घरी परतताना काय वाटलं?" मी विचारलं.

"फार वाईट वाटलं. गाडीत बायकोशी एक शब्द बोललो नाही. पण पुढच्याच आठवड्यात इथे सामना होता. आणि काय सांगू, चेंडू इतका सुरेख वळत होता!"