पगारी भट्टा

दातिवऱ्यापासून बोईसरपर्यंत एकही ओळखीचा माणूस असा सापडणार नाही, ज्याच्या अंगावर आमच्या साडूने काही ना काही फेकलेलं नाही. माझ्या धाकट्या मेव्हणीचा हा नवरा वस्तू हातात द्यायचाच नाही. मीठ मागा, पुडी हवेतून यायची. किल्ली मागा आणि कपाळ सांभाळा. लग्नघरात त्याला अक्षता चिमूटभरच द्यायच्या, असा आमच्यात ठराव होता. कारण बेटेगावच्या एका लग्नात त्याने शेवटच्या रांगेतून टाकलेल्या अक्षता भटजींच्या उघड्या तोंडात गेल्या आणि मंगलाष्टक खोकल्यात संपलं. एवढा नेमबाज माणूस क्रिकेटमध्ये फुकट गेला, त्याला कारण त्याचं कोपर. चेंडू टाकताना ते वाकायचं. असा कोपर वाकवून फेकलेल्या चेंडूला आमच्याकडे भट्टा म्हणतात, आणि भट्टेवाल्याला टुर्नामेंटमध्ये कुत्रंही विचारत नाही.

त्यातून दातिवऱ्याच्या टुर्नामेंटचे पंच म्हणजे आमचे सासरे. होडीवर आयुष्य काढलेला, नियमाला पक्का माणूस. त्यांनी या पठ्ठ्याला ओळीने सहा नो बॉल दिले आणि कायमचं मैदानाबाहेर काढलं. धावांची वही घेऊन त्यांची धाकटी लेक शेजारीच बसली होती. बापाने दिला नकार, लेकीने दिला होकार. यथावकाश लग्नही झालं, पण सासऱ्यांच्या तोंडून त्याला जावई म्हणून हाक काही ऐकू आली नाही. मी जन्मात बॅट धरलेली नाही, तरी मी ‘जावयबापू’, आणि तो भर पंगतीत ‘भट्टा’. “भट्ट्याला भात वाढ गं,” असं ते म्हणायचे. सगळे हसायचे, तोही हसायचा. पण ते त्याला फार लागायचं, हे मला ठाऊक आहे.

पुढे शिरगावच्या टुर्नामेंटमधूनही हाकलल्यावर त्याने चिडून सीमारेषेवरून चेंडू भिरकावला, तो थेट कॉमेंट्रीवाल्याच्या हातातल्या माइकवर. बोईसरला भावाकडे आलेला एक बेसबॉलचा कोच गर्दीत उभा होता. तो धावतच आला. “भैया, एक बार और मार के दिखा.” त्या दिवशी साडूला कळलं, की ज्यात भट्टाच टाकायचा असतो असा एक खेळ जगात आहे, आणि त्याला पगारही मिळतो.

उत्तरेकडे कुठेशी नवी लीग निघाली होती. दोन हंगाम हा तिथे पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा गडी होता. सासऱ्यांनी मोबाइलवर एक अख्खा सामना पाहिला आणि मला विचारलं, “टप्पा नाय पडत?”

“नाय आबा.”

“मंग सगळे फुलटॉसच की. भट्टा आता फुलटॉसचा पगार घेतो.”

सुट्टीला आला की त्याचा उजवा हात वेगळ्या उशीवर झोपायचा. पिशव्या डाव्या हाताने, नारळही डाव्यानेच. त्या खेळात म्हणे समोर बसलेला गडी बोटांनी खुणा करतो, कुठला चेंडू टाकायचा ते सांगतो, आणि नको असला की पिचर मान हलवतो. ही खोड त्याने मासळी बाजारात आणली. मेव्हणी विचारायची, “बांगडा?” याची मान हलायची. “बोंबील?” पुन्हा नाही. शेवटी टोपलीवाली वैतागून म्हणायची, “त्याला पयली सुरमई दाखव गो, नायतर मान मोडल त्याची.”

मग लीग गुंडाळली. कोपराचं ऑपरेशन झालं, आणि पुन्हा फेकलंस तर हात जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. आता तो बोईसरच्या कारखान्यात माझ्याच पाळीला असतो. यंदा सासऱ्यांनी पंचगिरी सोडायचं जाहीर केलं, तेव्हा हा मला म्हणाला, “दादा, आबांचं शेवटचं वर्ष हाय. मला एक ओवर टाकाची हाय. सरल हातान.” मी सासऱ्यांपुढे शब्द टाकला, आणि म्हाताऱ्या खेळाडूंच्या सामन्यात त्यांनी त्याला घेऊ दिलं.

पाच चेंडू त्याने अगदी सरळ हाताने टाकले. त्यातले तीन सुरूच्या बनात गेले. पोरं हसली. सहाव्या चेंडूला मात्र ते जुनं कोपर वाकलंच. चेंडू मला दिसलासुद्धा नाही. मधला स्टंप तेवढा उखडून मागे वाळूत पडलेला दिसला. सगळं मैदान सासऱ्यांकडे बघायला लागलं.

त्यांचा हात काटकोनात आडवा झाला. “नो बॉल.”

मग ते स्वतः चालत गेले, स्टंप उचलला, वाळू झटकून पुन्हा रोवला. परत येताना साडूजवळ थांबले. तो कोपर धरून उभा होता. मी पाण्याची बाटली घेऊन जवळ पोचलो होतो, म्हणून मला ऐकू आलं.

“पन काय टाकलात, जावयबापू.”

हात गळ्यात बांधून तो माझ्या मोटारसायकलवर मागे बसला. पालघर येईपर्यंत त्याने तीनदा विचारलं, “दादा, तुमी ऐकलं ना? जावयबापू बोलले ना?” तिन्ही वेळा मी हो म्हटलं.

तेव्हापासून तो काही फेकत नाही. परवा डबा खाताना मी मीठ मागितलं, तर उठून आला आणि पुडी माझ्या हातात ठेवली. माझा दुसरा हात मात्र सवयीने कपाळापुढे गेलेला होता.