पायरीवरचे दहा जोड

"माणसां मोजूची नसतत रे. मोजली काय कमी होतत."

असं म्हणून काका मशिदीच्या पायरीवर उतरायचे आणि काठीच्या टोकाने, स्वतःचा धरून, चपलांचे जोड मोजायचे. दहा भरले की काठी दोनदा आपटायची आणि आत. प्रार्थना सुरू.

ही मशीद म्हणजे मुसलमानांची नव्हे हो. मालवणच्या वरच्या अंगाला आमच्या गावात खाडीकाठी शनवार तेल्यांची आळी होती, तिथली. धर्माने ही माणसं यहुदी. पण गावाला एवढंच ठाऊक, की त्यांचे घाणे शनिवारी बंद असतात. त्यांचे पणजे अलिबागकडून गलबतात बसून इकडे आले. बोलणं आमच्याहून अस्सल मालवणी, आणि सोलकढीवाचून घास उतरत नसे. मी पोस्टमन झालो तेव्हा पहाटेपासून आळीत घाण्यांचा करकराट असायचा आणि खोबऱ्याच्या वासाने भूक लागायची.

मग इस्रायलची पत्रं येऊ लागली. निळी, पातळ, आमच्या पोस्टमास्तरांना वाचता न येणाऱ्या शिक्क्यांची. एक पत्र आलं की दोन-तीन महिन्यांत एक घर बंद. ती पत्रं वाटणारा मी! काका, म्हणजे त्या मशिदीची दिवाबत्ती पाहणारे आपले हे गृहस्थ, मला आळीच्या तोंडाशीच अडवायचे.

"काय रे पोस्टमना, आज कोणाक घेवन जातंस?"

"काका, मी फक्त पत्र देतंय."

"यमान पण तसाच सांगल्यान असतला."

थट्टेतच म्हणायचे, पण हसायचे नाहीत. कारण त्यांच्यात दहा पुरुष जमल्याशिवाय पुरी प्रार्थना होत नाही. आणि मेलेल्या माणसासाठी जे वाचायचं, ते तर नऊ जणांत वाचताच येत नाही.

काकी गेल्या त्या वर्षी आळीत बरोबर दहा पुरुष उरले होते, काकांना धरून. मूलबाळ नाही. काकींसाठी वाचणारे हे एकटेच. वर्षाचा दिवस जवळ आला तसे काका कावरेबावरे झाले. कोणी नुसता खोकला तरी काढा घेऊन दारात हजर. सगळ्यात धास्ती होती शिंप्याची. त्याचे कागद मुंबईत तयार होते, बोटीचं तेवढं कळायचं होतं. "काकीचो दिवस झाल्याशिवाय हलूचंय नाय," असा शब्द त्याने दिला होता. तरी काकांनी मला माझ्या घरापुढच्या खळ्यात गाठलंच.

"शिंप्याचा काय इला तर आधी माका सांग. पाया पडतंय तुझ्या."

सत्तरीचा माणूस खरंच वाकला हो. मी हात धरले आणि सांगतो म्हटलं.

आदल्या दिवशी तिन्हीसांजेला तार आली. बोटीची तारीख अलीकडे आली आहे, ताबडतोब निघा. तार ज्याची त्याला द्यायची, हा माझा धर्म. शिंप्याने ती दोनदा वाचली आणि मशीनवरचं अर्धं शिवलेलं पोलकं तसंच बाजूला सारलं.

"म्हाताऱ्याक सांगू नको रे. तो माका जावूक देवचो नाय. पोरांचा बघूचा की काकीचा?"

मी घरी गेलो. जेवण जाईना. काकांच्या दारावरून दोनदा फिरून आलो, पण आत जायचं धाडस झालं नाही. पहाटेच्या पहिल्या एस.टी.ने शिंपी बायकापोरांसकट कसालला गेला, तिथून मुंबई.

सकाळी टपालाची पिशवी घेतली आणि सरळ मशिदीकडे निघालो. आता तरी सांगायचंच. देवाचं ठिकाण म्हणून सवयीने पायरीवर चपला काढल्या. पण आतून काकांची काठी ऐकू आली आणि माझं अवसान गळालं. मी भिंतीआड सरकलो.

काका बाहेर आले. खाली वाकून जोड मोजू लागले. सात. आठ. नऊ. आणि काठी माझ्या चपलांवर टेकली. दहा!

काय सांगू तुम्हाला, त्या तोंडावर केवढं समाधान आलं. मला ओरडायचं होतं, काका, त्या माझ्या! पण मी भिंतीआडच राहिलो. काठी दोनदा आपटली. खिडकीतून दिसत होतं, आत आठ माणसं डोक्यावरून पांढऱ्या चादरी घेऊन बसलेली. माणसांकडे बघून काका मोजणार नाहीत, हे त्यांनाही माहीत. शिंपी नाही, हेही माहीत. एकानेही तोंड उघडलं नाही. काकांचा आवाज चढत गेला, काकींच्या नावाशी फाटला, पुन्हा सावरला. मी भिंतीला टेकून रडलो. लाज कसली सांगायला!

प्रार्थना संपली. सगळ्यांनी आपापल्या चपला घातल्या. एक जोड उरला.

"ह्यो चपलो कोणाच्यो?"

मी पुढे झालो. "माझ्यो, काका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या आठ जणांकडे. "शिंपी?"

"गेलो, काका," एकजण खालमानेने म्हणाला. "तुमका सांगूचो धीर झालो नाय."

मला वाटलं, आता काठी बसणार. बसायला हवी होती. पण काका पायरीवर खाली बसले.

"म्हंजे तिचा वाचूचा ऱ्हवलाच," एवढंच म्हणाले.

पंधरवड्यात काकांनी ट्रंक भरली. गेलेल्या प्रत्येक घराच्या नावाने बोटं मोडणारा माणूस! एस.टी.पर्यंत ट्रंक मीच नेली. वाटेत ते मशिदीशी थांबले, पायातल्या जुन्या वहाणा पायरीवर काढल्या आणि इस्रायलहून भाच्याने पाठवलेले कॅनव्हासचे बूट चढवले.

"काका, वाणो ऱ्हवल्यो."

"ऱ्हवांदेत. कोण इलो तर एक जोड तरी आसांदे." मग बुटाची नाडी आवळत, "तिच्यासाठी जातंय हां. माझ्यासाठी नाय."

महिन्याभराने माझ्याच नावाचं कार्ड माझ्याच पिशवीत आलं. मुंबईचं. लिहिताना काका शुद्ध लिहीत.

'तिचे वाचून झाले. माणसे पुष्कळ होती, मोजावी लागली नाहीत. तू यापुढे चपला बघून काढीत जा.'

त्यानंतर पत्र नाही. बाकीचे आठही पाचसहा वर्षांत पांगले. घाण्यांवर रानवेली चढल्या. मी निवृत्त होईपर्यंत त्या आळीतून जात राहिलो, टपाल असो नसो. पायरीवर घटकाभर टेकायचो. चपला काढायचो, पण त्यांच्या वहाणांपासून चांगल्या चार हात लांब. मोजणाऱ्याची पुन्हा चूक नको व्हायला.