पितळी पट्टीचा कंट्रोलर

५ नोव्हेंबर, रविवार. टीव्हीमागच्या वायरी सोडवून पुसायचं काम हातात होतं. दिवाळी आठवड्यावर आली होती, आणि मुलीनं बंगळुरूहून पाठवलेला नवा गेमिंग कन्सोल त्याच जागी बसवायचा होता. नवरा खुर्चीतून सूचना देत होता. त्याच्या मांडीवर जुना कंट्रोलर होता.

त्या कंट्रोलरबद्दल आधी सांगते. कारखान्यात प्रेस मशीनवर नवऱ्याच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट गेलं. मग त्यानं मुदतीआधीच निवृत्ती घेतली. माझी त्याच कारखान्यातली नोकरी चालू, म्हणून टाउनशिपमधलं क्वार्टर राहिलं. गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये गाडी पळवायला कंट्रोलरच्या मागचं उजवं बटण, म्हणजे ट्रिगर, तर्जनीनं दाबावा लागतो. यानं गॅरेजमधल्या व्हाइसच्या पकडीत पितळेची पट्टी वाकवून ट्रिगरवर स्क्रूनं बसवली. अनामिकेनं दाबलं की गाडी सुटते. मुलगी नोकरीसाठी लांब गेल्यापासून दर रविवारी दोघं इंटरनेटवरून शर्यत लावत. फोनवर हा माणूस "हां, ठीक, आईशी बोल" एवढंच बोलतो. शर्यतीत मात्र बापलेक तासभर एकमेकांना टोमणे मारत.

आता मुलीनं शर्यतीचा नवा गेम घेतला होता. तो जुन्या कन्सोलवर चालत नाही, म्हणून बाबांनाही नवा कन्सोल.

"बाबा, तयार? हरलात तर रडायचं नाही," फोनच्या स्पीकरवरून मुलगी म्हणाली.

"चल हट! संध्याकाळी आपल्या इथल्या कोलार रोडच्या गर्दीतून गाडी काढून दाखव आधी, मग माझ्याशी बोल."

त्यानं जुना कंट्रोलर नव्या कन्सोलला जोडला. दिवा लागला, मेनूही सरकला. मग शर्यत उघडली आणि पडद्यावर सूचना आली: हा कंट्रोलर या गेमसाठी वापरता येणार नाही.

मला वाटलं, मीच धूळ पुसताना काही सैल केलं. सगळं काढून पुन्हा लावलं. तीच सूचना. जुना गेम लावून पाहिला, तर त्याच नव्या कन्सोलवर, त्याच कंट्रोलरनं गाडी झकास पळाली.

"अगं, म्हणजे बिघडलेलं काहीच नाही?" मी मुलीला विचारलं.

"नाही आई. कंपनीनं तसंच ठरवलंय. नव्या गेमला नवाच कंट्रोलर."

"ठरवलंय म्हणजे काय? चालत असताना?"

माझा खरंच विश्वास बसेना. मी कारखान्यात सुट्या भागांच्या विभागात ड्रॉइंग करते. मी नोकरीला लागायच्या आधी विकलेल्या मशीनचा भाग कुणी मागितला, तरी आम्ही जुनं ड्रॉइंग शोधतो आणि भाग बनवून देतो. कधी तो धातूच मिळत नाही. मग तसं कळवतो. पण बसतोय, चालतोय आणि तरीही देणार नाही, असं उत्तर मी पाठवलं असतं तर साहेबांनी विचारलं असतं, "मॅडम, तबियत ठीक है?" नव्या कंट्रोलरमध्ये म्हणे जास्तीच्या सोयी आहेत, ट्रिगर बोटाला उलटा जोर लावतो. असतील. ज्याला हव्यात त्यानं घ्याव्यात. ज्याच्या हाताला जुनाच बसतो, त्याला त्या सोयींशिवाय खेळू द्यायला काय हरकत होती?

नवऱ्यानं नवा कंट्रोलर उचलला. शर्यत सुरू झाली. मुलीची गाडी गेली, याची जागेवरच. अनामिका ट्रिगरला जेमतेम टेकत होती, आणि जोर लावला की कंट्रोलरच हातातून निसटत होता.

"बाबा, दाबा की! झोपलात का?" ती हसली. मग तिनंही गाडी थांबवली. "बाबा, आपण जुनाच खेळू. मला चालेल."

"नको. तू मैत्रिणींबरोबर खेळ. मेरा हो गया." फोन माझ्याकडे सरकवत तो म्हणाला, "आईशी बोल."

ती सूचना पाहून बसला नव्हता एवढा धक्का मला त्या दोन शब्दांनी बसला. त्यानं जुना कंट्रोलर खणात टाकला आणि खण बंद केला. मुलीला म्हटलं, उद्या बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा ठेवायच्याही आधी, मी जेवणाच्या टेबलावर कागद पसरला. खणातला कंट्रोलर काढला, त्यावरची पितळी पट्टी सोडवली आणि तिची बाह्यरेषा काढली. शेजारी ठेवलेल्या नव्या कंट्रोलरच्या ट्रिगरचा उतार वेगळा होता. जुनी पट्टी त्यावर बसणार नव्हती, नवीच वाकवावी लागणार होती. शिवाय स्क्रूसाठी भोक पाडलं की वॉरंटी गेली. गेली तर गेली.

नवरा डोळे चोळत बाहेर आला. "अगं, कोरी वस्तू आहे ती! काय करतेयस?"

"हात इकडे करा," मी म्हटलं, आणि त्याच्या अनामिकेपासून ट्रिगरपर्यंतचं अंतर मोजायला घेतलं.