गेलेल्या ओढ्याच्या काठी

“ओढा काय म्हस हाय व्हय, दावं तोडून जायला?”

“तुमचा न्हाय गेला. आमचा गेला.”

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या एसटीत पुढच्या बाकावर दोघे बोलत होते. पहिला हसला. दुसऱ्या वयस्क गृहस्थांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मी रिकाम्या बाटल्यांची पिशवी मांडीवर धरून ऐकत होते. त्याच ओढ्याकडे मी निघाले आहे, एवढंसुद्धा सांगायचं मला जमलं नाही.

पुण्यात पाणी तपासणाऱ्या एका लहानशा प्रयोगशाळेत मी काम करते. निघताना वरिष्ठांनी बजावलं होतं : नमुने घ्यायचे, मत द्यायचं नाही. मी इंग्रजी शाळेत शिकले, चारचौघांत मराठीत शब्द अडतो. मला ती सूचना सोयीचीच वाटली.

अंथुर्ण्याला उतरले तर ते गृहस्थही उतरले आणि फाट्यावर स्कूटी लावून उभ्या असलेल्या बाईला म्हणाले, “वैशाली, पाण्याच्या म्याडम आल्या का गं?” मीच ती, असं मी हळूच सांगितलं. त्यांनी मला वरून खाली पाहिलं. “ही? ही तर कॉलेजातली पोरगी हाय.” हे तात्या, आणि वैशाली त्यांची सून. ओढा गेला तो यांच्या वस्तीचा.

वस्ती उसाच्या आत होती. तिच्याखालून, फार खोलातून, नदीचं पाणी दुसऱ्या खोऱ्यात नेणारा बोगदा खोदला जातोय. मी चहा पीत असताना सुरुंग उडाला. आवाज फारसा झाला नाही; फडताळातली भांडी मात्र एकमेकांना लागली. वैशालीने वरही पाहिलं नाही. चहा टँकरच्या पाण्याचा होता आणि क्लोरीनची चव साखरेने झाकली नव्हती. हा टँकर बोगद्यावरचे लोक पाठवतात, पण ओढा आपल्यामुळे गेला हे मानत नाहीत. दुसरं पाणी वस्तीला नाही.

घरामागे उसाचा एक पट्टा गुडघाभर खचला होता. दोन्ही बाजूंचा ऊस आत कलला होता, खाली काय आहे ते वाकून बघितल्यासारखा. विहिरीच्या कठड्याला उभी चीर गेली होती. पाणी आधी दगडाच्या भुकटीने पांढरं झालं, मग काळपट, असं वैशालीने सांगितलं. मी पोहरा वर घेतला. त्यावर तेलकट साय होती आणि आंबूस वास येत होता.

“दोन म्हशी गाभडल्या,” ती म्हणाली. “तवापासनं जनावरांना बी टँकरचंच.”

ओढा मात्र मला बघायचा होता. वरच्या अंगाने बोटभर धार येत होती. ती एका भेगेपाशी यायची आणि संपायची. मुरत नव्हती, आत पडत होती. मी ऐकायला वाकले, पाय घसरला आणि डावा हात कोपरापर्यंत काळ्या चिखलात गेला. साखर कारखान्याच्या मागून जाताना येतो तोच वास. चिखलात उसाच्या भुशाचे बारीक धागे होते.

वैशालीने पदराने माझा हात पुसला. बराच वेळ पुसत राहिली.

“प्रेसमड, कारखान्याची मळी,” ती शेवटी म्हणाली. “बांध गळाया लागला की आमी मळीच भरतो. तात्या म्हणले, भेग म्हंजी तरी काय, बांधच की. रातीच्या ट्रॉल्या वतल्या. ओढा वाहिला बी थोडं दिस. पोरं दिवसभर पाण्यातच. मग एकदम सगळी मळी आत गेली, आन् हिरीला वास सुटला.” तिने चिखलाचा पदर कमरेला खोचला. “कुटं बोलू नका, ताई. टँकर बंद करत्याल. म्हणत्याल, तुमचं तुमीच नासवलं.”

शेवटचा नमुना शाफ्टवर, म्हणजे बोगद्यात उतरायच्या उभ्या खड्ड्यावर, घ्यायचा होता. आतलं पाणी पंपाने उपसून चारीत सोडत होते. शाफ्टच्या तोंडाशी मजुरांनी खंडोबाचं छोटं ठाणं मांडलं होतं. वैशालीने मला स्कूटीवरून तिथे आणलं, तेव्हा तात्या आधीच येऊन उभे होते. मी पाइपखाली बाटली धरली, तेवढ्यात सुपरवायझर आला.

“राम राम, तात्या. ओढ्यात रातीच्या ट्रॉल्या आल्त्या म्हणं?”

“कोण म्हणतंय?”

“कोण का म्हणंना.” त्याने ठाण्यावरून बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा उचलला. “बेलभंडारा उचला. म्हणा, आमी काय टाकलं न्हाय. टँकर चालू. न्हायतर उद्यापासनं बंद.”

“कागद आण. सही करतो,” तात्या म्हणाले.

सुपरवायझर हसला. “मी बी हितलाच हाय, तात्या. कागदावर तुमी धा सह्या कराल. भंडाऱ्यावर खोटं न्हाय बोलायचा.”

तात्यांनी हात पुढे केला. तळव्यावर हळद पडली. ते ठाण्याकडे बघत राहिले, बोटं सैल पडली. पिवळी भुकटी बोटांमधून गळत होती. वैशाली माझ्याकडे बघत होती.

कुणाच्या नजरेला नजर द्यावी लागू नये म्हणून मी बाटलीकडे पाहिलं. गाळ खाली बसत होता. काळा, आणि त्यात बारीक धागे. वास माझ्या बाहीचा येतोय असं मी समजत होते. तो बाटलीतून येत होता.

मनात वाक्य जुळलं. त्याचे दोन तुकडे होते. पहिला बोलून मी अडखळले असते, तर उद्या या वस्तीला पाणी मिळालं नसतं. मी बाटली सुपरवायझरच्या तोंडासमोर धरली.

“मळी यांनीच टाकली. ओढ्यात टाकली, आणि ती तुमच्या बोगद्यातून बाहेर येतेय.”