पाटणकर काकांचं 'विथ'

पाटणकर काका गेल्याचं सांगायला त्यांच्या मुलीचा, रेवाचा फोन आला तेव्हा मी सेक्टर ३४च्या मार्केटात होते. "आंटी, पापा नहीं रहे," एवढंच ती म्हणाली. समोर कोचिंग क्लासची पाटी होती, 'लर्न इंग्लिश विथ कॉन्फिडन्स'. ती वाचून मनात काय यावं? पाटीवरचं चालणार नाही, काका फक्त ऐकलेलंच घेतात... माझी मलाच लाज वाटली.

सहा वर्षांपूर्वी यांच्या बदलीनं आम्ही अकोल्याहून इथं उत्तरेत आलो. मला शाळेच्या ऑफिसात नोकरी करायची होती, पण कुणी इंग्रजीत बोललं की माझी बोबडी वळायची. खालच्या मजल्यावरचे काका केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याचे. शिकवा म्हटलं तर म्हणाले, "एकच शब्द शिकवीन. विथ. बदलीच्या हुकमात 'विथ इमिजिएट इफेक्ट' म्हणत या शब्दानं मला अर्धा देश फिरवलाय, त्याचं काय काय चालतं ते बघायचंय मला." अट अशी, की मी रोज बाहेर पडायचं, विथचं एक वाक्य कानानं ऐकायचं आणि कुठं ऐकलं त्या ठिकाणासकट चिठ्ठीवर लिहून आणायचं. चिठ्ठ्या पिन्न्यांच्या, म्हणजे इकडच्या पंजाबी लाडवांच्या, रिकाम्या डब्यात जायच्या. दवाखान्यातलं 'डाउन विथ फीवर', बँकेतलं 'साइन विथ ब्लू पेन', कॅन्टीनमधलं 'टी विथ लेस शुगर'... काका प्रत्येक चिठ्ठी उलटसुलट करून बघत. "आपण साखर घालून म्हणतो, पेननं म्हणतो, तुझ्याबरोबर म्हणतो. यांचं एवढ्याशा शब्दात कसं भागत असेल गं?" उत्तर त्यांनाही नको असायचं, असं मला वाटतं.

एकदा सेक्टर ४३च्या बस स्टँडवर एका बाईंनी मला इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि मी मान फिरवून चक्क पळ काढला. दुसऱ्या दिवशी घराबाहेर पाऊलच टाकवेना. शेवटी ओट्याशी उभं राहून मनानंच लिहिलं, 'सिट विथ मी'. ठिकाण, बस स्टँड. काकांनी चष्मा लावला. "कोण म्हणालं?"

"होत्या एक बाई."

"बरं," म्हणाले आणि चिठ्ठी डब्यात टाकली. पुढं मला नोकरी लागली. त्यांना खरं सांगायचं दर दिवाळीला ठरवायचे आणि चकल्या देऊन परत यायचे. त्यांनी मला एवढं सावरलं आणि मी त्यांना फसवलं, हे मनातून जाईना.

मागच्या आठवड्यात रेवानं बोलावलं. ती मुल्लानपूरला राहायला चालली आहे, घर आवरत होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीत नाहीतर इंग्रजीत. "ये आपका है," म्हणत तिनं डबा माझ्या हातात दिला. माझी ती चिठ्ठी सगळ्यात वर, वेगळी ठेवलेली होती. 'बस स्टँड'वर पेन्सिलीची रेघ, आणि शेजारी काकांच्या अक्षरात, 'ऐकायचं राहिलंय'.

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी उभ्या उभ्याच रडायला लागले. रेवानं काकांच्या कॉटवरची गाठोडी बाजूला सारली, जागा केली. "आंटी, सिट विथ मी," ती म्हणाली. "थोडी देर."

बसले. बऱ्याच वेळानं पर्समधून पेन काढलं आणि रेघेखाली ठिकाण लिहिलं... काकांची खोली.